वर्ग हातातून सुटतो तो मधल्या वेळात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दुसरीचा वर्ग, ३८ मुलं, शिकवण्याचं पहिलंच वर्ष. चार महिने झाले तरी वर्ग हाती लागत नाही. शाळा सुटेपर्यंत ओरडून ओरडून घसा बसतो. एक मुलगा जागेवर टिकतच नाही आणि तो उठला की त्याच्यामागे आणखी चौघं उठतात. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला, पहिला आठवडा बरा गेला, मग त्याचंही अप्रूप संपलं. सहकारी म्हणतात, "सुरुवातीलाच धाक बसवायला हवा होता." आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "माझ्यातच काही कमी आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात ठसठसत असताना बाकीचं डोक्यात शिरणार नाही. तुमच्यात काही कमी नाही. वाचन कसं शिकवायचं, बेरीज कशी शिकवायची हे तुम्हाला कुणीतरी शिकवलं. ३८ वह्या दोन मिनिटांत कशा वाटायच्या हे कुणीच शिकवलं नाही. मी २३ वर्षं पहिली-दुसरीला शिकवते आहे आणि पहिलं दीड वर्ष मीही घरी जाऊन रडले आहे. धाक कमी पडत होता असं मला तेव्हा वाटायचं. खरं तर वर्ग नेमका कुठे सुटतोय, हेच मला दिसत नव्हतं.

म्हणून आधी ते बघा. तीन दिवस टेबलावर एक कागद ठेवा. आवाज चढवावा लागला की घड्याळाकडे बघून वेळ टिपा आणि त्या क्षणी वर्गात काय चाललं होतं ते दोन शब्दांत लिहा. बाकी काही बदलू नका. मी ज्या ज्या नव्या शिक्षकांना हे करायला लावलं, त्यांच्या कागदावर "गोष्ट सांगत होते" किंवा "फळ्यावर बेरीज चालली होती" अशा नोंदी फार थोड्या निघाल्या. बहुतेक नोंदी अशा असतात : वह्या काढताना. वह्या गोळा करताना. मधल्या सुट्टीवरून आल्यावर. मैदानावर जायची ओळ लावताना. एकाची वही तपासत असताना. काहींचं लिहून झालं, बाकीच्यांचं चाललंय, तेव्हा. म्हणजे शिकवणं चालू असतं तोवर मुलं बऱ्यापैकी तुमच्याबरोबर असतात. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत जो मधला वेळ जातो, त्यात ती सुटतात.

एक हिशेब करून बघा. टेबलाशी बसून तुम्ही एकेकाची वही तपासता. एका वहीला अर्धं मिनिट धरलं तरी ३८ वह्यांना १९ मिनिटं लागतात. त्यात प्रत्येक मुलाच्या वाट्याला तुम्ही अर्धं मिनिट येता आणि उरलेली साडेअठरा मिनिटं त्याने काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सात वर्षांचं मूल साडेअठरा मिनिटं रिकामं बसत नाही. ते बोलणार, उठणार, शेजाऱ्याचा रबर घेणार. यात बेशिस्त कसली? त्या वयाच्या कुठल्याही धडधाकट मुलाने हेच केलं असतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी पहिली-दुसरीच्या वर्गांचं प्रत्यक्ष चित्रण करून याचाच अभ्यास केला होता. १९७० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांनी गडबड केल्यावर चांगला वर्ग चालवणारे शिक्षक वेगळं काय करतात, हे त्यांना शोधायचं होतं. फरक तिथे सापडलाच नाही. ज्यांचा वर्ग नीट चालायचा आणि ज्यांचा कोलमडायचा, ते दोघंही गडबड झाल्यावर साधारण सारखंच बोलत होते. फरक होता तो गडबड होण्याच्या आधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाची नजर सतत वर्गभर फिरत असते. "बाईंना पाठीलाही डोळे आहेत" असं मुलं म्हणतात तसं. एकाशी बोलताना दुसऱ्या कोपऱ्यातलं त्याला दिसत असतं आणि मुलांनाही ते माहीत असतं. दुसरं म्हणजे तो आपल्याच कामाचा ओघ आपणच तोडत नाही. गणित ऐन रंगात आलेलं असताना "हा कागद कुणी टाकला इथे?" असं आपण विचारलं, की ३८ डोकी खाली वाकून कागद बघतात आणि गणित तिथेच संपतं. तो कागद पाच मिनिटांनी उचलला असता तर काहीच बिघडलं नसतं. हे वाचल्यावर मी स्वतःकडे लक्ष देऊन बघितलं, तेव्हा एका तासात मी पाच वेळा माझाच धडा मोडला होता.

आता करायचं काय? मधल्या वेळात जी जी कामं असतात त्यांची यादी करा आणि प्रत्येक काम मूळाक्षरांसारखं शिकवा. "शिकवा" हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. आपण मुलांना "नीट ओळीत या" असं सांगतो. "नीट" म्हणजे काय हे आपल्याला दिसतं, मुलांना नाही. पुढच्याच्या पाठीपासून किती लांब? हात कुठे? बोलायचं की नाही? हे सगळं करून दाखवायचं, मग दोन मुलांना करायला लावायचं, मग सगळ्यांना, आणि जिथे चुकेल तिथून पुन्हा. चुकलं म्हणून रागवायचं नाही. 'क' उलटा काढला तर आपण रागवतो का? पुन्हा काढून दाखवतो. ओळीचंही तसंच.

पेन्सिलीचं उदाहरण घेते, कारण खालच्या वर्गात पेन्सिलीइतकं कशाने छळत नाही. लिहायला सुरुवात होते. तिसऱ्या मिनिटाला एक टोक मोडतं. मूल शार्पनर शोधतं, सापडत नाही, शेजाऱ्याकडे मागतं, तो देत नाही. मग "बाई, हा शार्पनर देत नाही." शेवटी मिळतं. मग कचऱ्याच्या डब्याकडे जायचं. डब्याशी आधीच चौघं उभे, कुणाची किसवणी लांब निघते याची तिथे चुरस लागलेली. त्यांना बघून आणखी दोघांच्या पेन्सिली बरोबर त्याच वेळी मोडतात. मी कित्येक महिने त्या डब्याशी जाऊन ओरडत होते. मग एक दिवस दोन डबे आणले. एकावर टोकदार पेन्सिलीचं चित्र चिकटवलं, दुसऱ्यावर मोडक्या. टोक मोडलं की हात वर करायचा नाही, विचारायचं नाही. उठायचं, मोडकी या डब्यात टाकायची, टोकाची त्यातून घ्यायची, बसायचं. शाळा सुटताना रोज दोन मुलं मोडक्या पेन्सिलींना टोक करून ठेवणार. हे आम्ही पहिल्या दिवशी नुसतं करून बघितलं, लिखाण काहीच नाही. एकेका बाकावरच्या मुलांनी उठून पेन्सिल बदलून आणली, बाकीच्यांनी बघितलं. त्याला २० मिनिटं गेली. पुढच्या आठवड्यात कुणी पेन्सिल बदलायला उठलं तरी मान वर करून बघणारं कुणी नव्हतं, आणि मला जे हवं होतं ते हेच.

अशी शिकवण्याजोगी कामं माझ्या हिशेबाने दहा-बारा निघतात. वर्गात आल्यावर दप्तर ठेवून पहिलं काम काय, वह्या वाटणं, गोळा करणं, शूला जाण्याची खूण, पाणी, ओळ, सुट्टीवरून आल्यावर पहिली पाच मिनिटं, काही अडलं तर काय, काम लवकर संपलं तर काय. सगळी एकदम शिकवू नका. दोन दिवसांत एक. आणि मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली की सगळी पुन्हा. मुलं विसरलेली असतात, पण दुसऱ्या खेपेला निम्म्या वेळात होतं.

यातली शेवटची दोन सगळ्यात महत्त्वाची. "अडलं तर काय" याचं माझ्या वर्गातलं उत्तर ठरलेलं आहे : आधी फळ्याकडे पुन्हा बघ, मग शेजाऱ्याला हळू विचार, तरी नाही कळलं तर बाकावर तांबडं कार्ड ठेव आणि पुढचं सोडव. मी फिरत फिरत येते. "लवकर संपलं तर" यासाठी एक टोपली : चित्रांची पुस्तकं, कोडी, कोरे कागद. त्या टोपलीत रोज नवीन काही लागत नाही, फक्त ती कायम तिथे असली पाहिजे. आणि वह्या टेबलाशी बसून तपासणं सोडा. तुम्हीच वर्गातून फिरा, उभ्या उभ्या एकेका वहीवर बरोबरची खूण करा. सविस्तर तपासणी दिवसाला आठ वह्यांची केली तरी पाच दिवसांत ३८ होतात.

आता आवाजाबद्दल. "हाताची घडी, तोंडावर बोट" हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे तोंडात तेच येतं. पण ते का टिकत नाही हे बघा. हात बांधले, तोंड मिटलं, आणि पुढे? पुढे काहीच नसतं. मूल गप्प बसतं ते तुमच्या नजरेपुरतं. नजर हलली की बोट खाली. गप्प बसवणं आणि लक्ष देणं यात अंतर आहे. त्यामुळे मी खूण वापरते ती "थांबा आणि माझ्याकडे बघा" एवढ्यासाठी. मी हात वर करते. ज्याला दिसेल तो हात वर करतो, बोलणं थांबवतो. कधी टाळ्यांचा ठेका देते आणि मुलं तोच ठेका परत देतात. हात टाळीत गुंतले की हातातली वस्तू आपोआप खाली ठेवली जाते. कुठली खूण घेता याला महत्त्व नाही. दोन गोष्टींना आहे. खूण झाल्यावर पूर्ण शांतता होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटं उभं राहावं लागलं तरी उभं राहायचं, चेहऱ्यावर राग न आणता. आणि शांतता झाल्याबरोबर काहीतरी ऐकण्यासारखं सांगायचं. गोंगाटावर आवाज चढवून आपण बोललो की मुलं एवढंच शिकतात, की बाई बोलत असताना बोललं तरी चालतं, कारण त्या मोठ्याने बोलून घेतील. घसा बसतो तो यामुळे.

सूचना द्यायची ती शांततेत आणि एका वेळी दोनच. "पुस्तक मिटा, दप्तरात ठेवा, चित्रकलेची वही काढा, पान उघडा, तारीख घाला आणि कोपऱ्यात नाव लिहा" यातलं सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पहिलं आणि शेवटचं राहतं. मग अर्धा वर्ग "बाई, काय काढायचं?" विचारत येतो आणि आपल्याला वाटतं, ही मुलं ऐकतच नाहीत. दोन सूचना द्या, एका मुलाकडून त्या वदवून घ्या, सगळ्यांच्या झाल्या की पुढच्या दोन. आणि "काय करू नका" ऐवजी "काय करा" सांगा. "धावू नका" ऐकून मुलाला धावणं तेवढं आठवतं. "पाय न वाजवता चाला" म्हटलं की ते पाऊल टाकून बघतं.

प्रश्न विचारतानाही एक साधी गोष्ट बदला. बहुतेक वेळा आपण आधी नाव घेतो, मग प्रश्न विचारतो. नाव घेतल्याबरोबर उरलेल्या ३७ जणांना सुट्टी मिळते. आधी प्रश्न विचारा, थांबा, मग नाव घ्या. किती थांबायचं? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शिक्षकांच्या प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची मोजणी केली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद उभ्या माणसाला फार लांब वाटतात. मनातल्या मनात आकडे मोजा.

इतकं सगळं करूनही मुलं खोड्या करणारच. तेव्हा आपण काय करायचं? पायरीपायरीने जायचं आणि सगळ्यात हलक्या पायरीपासून सुरुवात करायची. शिकवणं न थांबवता त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं. निम्म्या गोष्टी इथेच मिटतात. नाही मिटली तर बाकावर बोट टेकून वही दाखवायची. तरीही नाही, तर गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन, त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात : "आता काय करायचं होतं?" तो सांगतो. "मग कर, मी परत बघायला येते." आणि खरंच परत जायचं. ते परत जाणं विसरलात तर आधीचं सगळं वाया.

वर्गासमोर उभं करून रागवू नका. यात दयेइतकाच व्यवहारही आहे. ३७ जणांसमोर रागावलेल्या मुलापुढे दोनच वाटा असतात : मान खाली घालणं किंवा हसून सगळ्यांना हसवणं. दुसरी वाट एकदा सापडली की ते मूल ती सोडत नाही. मारणं, चिमटे, कान पिळणं, "तुझ्या भावाला तरी जरा अक्कल होती" अशी बोलणी, याबद्दल मी चर्चाही करणार नाही. ते करायचंच नाही.

वर्गनायकाने फळ्यावर "बोलणाऱ्यांची नावं" लिहिणं, ही एक पद्धत आपल्याकडे इतकी सरावाची झालीय की तिच्याबद्दल कुणी विचारच करत नाही. ती आजच्या आज बंद करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात आपण खडू आणि सत्ता दोन्ही देतो. तो मैत्रिणीचं नाव लिहीत नाही, भांडलेल्याचं आधी लिहितो. नाव पुसून घेण्यासाठी मुलं त्याची मनधरणी करतात. मी हे माझ्याच वर्गात दाराआडून बघितलं आणि त्यानंतर पुन्हा कधी कुणाच्या हाती खडू दिला नाही. सगळ्या वर्गाला मिळून शिक्षाही नको. ज्या मुली शांत बसल्या होत्या त्यांना त्यातून एवढंच कळतं, की नीट वागून उपयोग नाही.

चूक सुधारण्याचं काम त्या चुकीला धरून असावं, छोटं असावं, आणि त्याच दिवशी संपावं. पाणी सांडलं, पुसून घे. शेजाऱ्याचं चित्र फाडलं, चिकटवून दे आणि त्याला काय लागेल ते विचार. मधली सुट्टी बंद करू नका. जे मूल जागेवर बसू शकत नाही त्यालाच धावायची सगळ्यात जास्त गरज असते, आणि आपण नेमकी तीच काढून घेतो. मग पुढचे दोन तास ते आपल्यालाच भोगावे लागतात.

यावरून तुमच्या त्या मुलाकडे येते.

माझ्या वर्गात असाच एक होता. सतत उठायचा, खिडकीपाशी, डब्यापाशी, माझ्या टेबलापाशी. मी त्याला पहिल्या बाकावर आणलं, मागे नेलं, एकटं बसवलं, काही फरक नाही. शेवटी दोन आठवडे फक्त नोंदी केल्या : कधी उठला, त्याआधी काय चाललं होतं, उठल्यावर त्याला काय मिळालं. १४ नोंदी जमल्यावर कागद समोर ठेवून बघितला. त्यातल्या ११ वेळा वर्ग फळ्यावरून वहीत उतरवून घेत होता. गोष्ट ऐकताना तो जागचा हलला नव्हता, तोंडी हिशेबातही नाही. मग मी शेजारी बसून त्याला उतरवताना बघितलं. तो फळ्याकडे बघायचा, एक अक्षर धरायचा, मान खाली घालून वहीत आपण कुठे होतो ते शोधायचा, तोवर अक्षर विसरायचा. पुन्हा वर. पुन्हा खाली. चार शब्दांत तो दमून जायचा आणि उठायचा. मोठ्या माणसाला फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजे काहीच नाही, पण लहान मुलाला त्यात नजर, स्मरण आणि हात तिन्ही एकदम जुळवावे लागतात. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला तोच मजकूर चिठ्ठीवर लिहून बाकावरच द्यायला लागले, पाच ओळींऐवजी दोन. आणि घरच्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डोळे ठीक निघाले, पण ती खात्री करून घेणं गरजेचं होतं. उठणं पूर्ण थांबलं नाही. दिवसातून दोनदा-तीनदा उठायचा. तेवढं मी त्याला कामाला लावून चालवून घेतलं : वह्या वाटणं, फळा पुसणं, खिडक्या उघडणं. उठायचंच आहे तर सगळ्यांच्या उपयोगी पडून उठ.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं नाही. ते ऐकू कमी येणं असेल, घरी नवं बाळ आलेलं असेल, झोप अपुरी असेल, किंवा नुसतं हेही असेल, की उठल्यावरच बाई त्याच्याशी बोलतात. हे शेवटचं फार आढळतं. ज्या मुलाला दिवसभरात तुमचे १५ शब्द मिळतात आणि ते पंधराही "बस खाली"चेच असतात, ते मूल "बस खाली" ऐकण्यासाठीही उठतं. यावर एक उपाय करून बघा. रोज दोन मिनिटं, लागोपाठ दहा दिवस, त्याच्याशी अभ्यास आणि वागणूक सोडून कशाबद्दलही बोला. तो काय खेळतो, त्याला कशाची भीती वाटते, त्याच्या कुत्र्याचं नाव काय. ही दोन मिनिटं बक्षीस म्हणून द्यायची नाहीत आणि वाईट वागला म्हणून काढूनही घ्यायची नाहीत. मी आजवर जे काही करून बघितलं त्यात, एका मुलाच्या बाबतीत, याच्याइतकं काहीही कामी आलेलं नाही. मात्र नोंदी ठेवून, काम हलकं करून, बोलून, सहा-आठ आठवड्यांत काहीच बदल दिसला नाही, किंवा तो स्वतःला वा इतरांना इजा करत असेल, तर एकट्याने ओढत बसू नका. नोंदींचा तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, पालकांशी बोला आणि बालविकासाच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याचा मार्ग धरा. आपण शिक्षक आहोत, निदान करणं आपलं काम नाही. पण नेमकं काय दिसलं हे आपल्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

चांदण्यांचा तक्ता का थकला? बक्षीस ठरवून दिलं, की मूल कामाकडे बघणं सोडून बक्षिसाकडे बघतं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रं काढायला आधीच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ" असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांनी चित्रं काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवला. ज्यांना न सांगता, अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. शिवाय तुमच्या तक्त्यावर महिन्याभरात दोन-तीन मुलांच्या ओळी रिकाम्या राहिल्या असतील. ती रोज त्या रिकाम्या ओळीसमोर बसतात. काढून टाका तो तक्ता, शांतपणे, शनिवारी. चांदणी द्यायचीच असेल तर सगळ्या वर्गाची मिळून एक बरणी ठेवा : सुट्टीवरून येऊन पाच मिनिटांत सगळे वाचायला बसले की एक गोटी. बरणी भरली की सगळ्यांना एक जास्तीची गोष्ट. हेही कायमचं ठेवू नका. सवय लागली की हळूहळू थांबवा.

कौतुक मात्र हवंच, आणि भरपूर हवं. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी दुसरीच्या आणि बालवर्गाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की नुसते नियम सांगून वागण्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. छोट्या खोड्यांकडे काणाडोळा करून चांगल्या वागण्याची दखल घेतली, तेव्हा फरक पडला. नियमांचा सुंदर तक्ता भिंतीवर लावून आपण निश्चिंत होतो, त्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण दखल म्हणजे नुसतं "शाबास" नव्हे. "शाबास" कशाबद्दल ते मुलाला कळत नाही. "तुझी पेन्सिल मोडली आणि तू न बोलता बदलून आणलीस" असं म्हटलं की त्याला कळतं, आणि शेजारच्या चौघांनाही कळतं. हे बोलताना "बघा, ही किती छान बसलीय, आणि तुम्ही?" असं शेपूट जोडू नका. त्या शेपटाने तिचंही कौतुक संपतं आणि सुट्टीत तिला त्रासही होतो.

तक्रारींचं थोडक्यात. "बाई, याने मला चिडवलं" हे दिवसात ३० वेळा येत असेल. एकच प्रश्न विचारायची सवय लावा : "तू त्याला काय सांगितलंस?" बहुतेकांनी काहीच सांगितलेलं नसतं. मग वाक्य शिकवा : "मला हे आवडलं नाही, थांब." ठाम आवाजात म्हणायची तालीम घ्या, मुलांना ती फार आवडते. थांबलं नाही तर माझ्याकडे ये. कुणाला लागलंय, कुणी घाबरलंय, कुणी नको तिथे हात लावलाय, तर मात्र थेट माझ्याकडे, त्याच क्षणी, आणि त्याला चुगली कुणी म्हणायचं नाही. हा फरक मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो.

बसण्याची रचना कामाप्रमाणे बदला. एकट्याने लिहायचं असेल तेव्हा ओळी बऱ्या, बोलून करायचं असेल तेव्हा गट. गटात समोरासमोर बसवून "बोलू नका" म्हणणं मुलांवर अन्याय आहे. भिंतीही जरा मोकळ्या करा. २०१४ सालच्या एका अभ्यासात खूप सजवलेल्या वर्गात बालवर्गातल्या मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ कामाबाहेर होतं, मोकळ्या भिंतींच्या वर्गात २८.४ टक्के. निदान फळ्याच्या आजूबाजूची चित्रं काढून मागच्या भिंतीवर लावा.

पालकांना पहिला निरोप तक्रारीचा जाऊ देऊ नका. त्या मुलाच्या आईला या आठवड्यात एक खरी चांगली गोष्ट कळवा. पुढे कधी अवघड बोलावं लागलं तर ती ऐकून घेईल.

चार महिने गेले, आता उशीर झाला का, असं तुमच्या मनात असेल. नाही झाला. सोमवारी सकाळी मुलांना खाली गोल करून बसवा आणि खरं ते सांगा : "मी गेले काही दिवस खूप ओरडते आहे. मला ते आवडत नाही आणि तुम्हालाही आवडत नसेल. वह्या कशा वाटायच्या, ओळ कशी लावायची, हे मी तुम्हाला नीट शिकवलंच नव्हतं. आजपासून रोज थोडं थोडं शिकू." मुलं ऐकतील. कुणीतरी विचारेल, "बाई, मग तुम्ही आता कधीच नाही ओरडणार?" कबूल करता येईल तेवढंच कबूल करा. "मी प्रयत्न करणार आहे. विसरले तर तुम्ही हात वर करा, म्हणजे मला आठवेल." मग दोन डबे काढा, एकावर मोडक्या पेन्सिलीचं चित्र मुलांकडूनच काढून घ्या, आणि पहिल्या बाकावरच्या मुलांना उठून पेन्सिल बदलून आणायला सांगा.